पाठकसाहेबांच्या गळ्यात वीणा

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मैदानात लाल टोकाच्या खुंट्या ठोकल्या गेल्या. ठोकणारे श्रीधर पाठक, शहरातल्या पुंडलिकनगरचे. विजेच्या मोठ्या लाइनीचा मार्ग आखणं हे त्यांचं काम. टॉवर नाल्यापलीकडं येणार होता, पण तारा जाणार होत्या बरोबर कीर्तनाच्या मंडपावरून.

असल्या तारांखाली मंडप घालू देत नाहीत, गर्दी जमवू देत नाहीत. सोयगावकडच्या आमच्या गावात सपाट मोकळी जागा तेवढीच, बाकी जिकडं बघावं तिकडं कापूस. म्हणजे सप्ताह गेला. मला दोन वेळचं जेवण नसलं तरी चालतं, पण वर्षात सात दिवस कीर्तन कानावर पडलं नाही तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. मी तर रडवेलाच झालो.

आवडावहिनी मात्र पिठाचे हात पदराला पुसत आल्या. चुलत भावाची बायको, सप्ताहाच्या भाकरी त्यांच्याच हुकमतीत.

"भाऊजी, डोळे पुसा. तो साहेब दर्शनाला आत यायलाय. चप्पल कशी काढली बघितली का? नीट जोडून, बाजूला. घरात कीर्तन असणार त्याच्या."

खरंच होतं. पाठकांचे आजोबा हरदास निघाले. वहिनींनी ते दोन वाक्यांत काढून घेतलं आणि वीणा घेऊन उभ्या असलेल्या बन्सीला डोळा मारला.

आमच्याकडं सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. ज्याच्या गळ्यात ती, त्यानं नाम घेत उभं राहायचं. दुसरा माणूस पाया पडून ती आपल्या गळ्यात घेईपर्यंत बसायचं नाही. आणि आणखी एक, वीणा गळ्यात असताना खोटं बोलायचं नाही.

"साहेब, जरा धरता का?" बन्सी म्हणाला. "घसा कोरडा पडलाय. पाणी पिऊन आलोच."

पाठकांनी वीणा घेतली. बन्सी जो गेला तो कापसात दिसेनासा झाला.

नियम ठाऊक नसलेल्या माणसानं वीणा खुर्चीवर ठेवून वाट धरली असती. यांना नियम ठाऊक होता, तिथंच ते अडकले.

पाऊण तासानं ते काकुळतीला आले. "आवडाबाई, मला अजून चार गावं करायचीत हो."

"करा की. आधी एवढं सांगा, लाइन आमच्याच डोक्यावरून कामून?"

साहेबांनी एकदा वीणेकडं पाहिलं, एकदा देव्हाऱ्याकडं. मग मान खाली घातली. "खरं सांगू? मी आधी तात्यासाहेबांच्या खडकाळ माळावरून आखली होती. तीच बरी पडते. पण ते म्हणाले, माळाला हात लावू नका. मैदान कुणाच्या मालकीचं नाही, तिकडून न्या."

मी वहिनींकडं बघितलं. तात्यासाहेब आमच्या सप्ताहाचे अध्यक्ष. लाइन येणार असं कानावर आल्यापासून, मैदान वाचलंच पाहिजे म्हणून रोज माइकवरून गर्जत होते.

"भाऊजी, दोनचा वीणेचा पहारा कुणाचा?" वहिनींनी विचारलं.

पहाऱ्याची यादी माझ्याकडं असते. त्यात दोनला सांडूचं नाव होतं. माझ्या गळ्यात वीणा नव्हती. "तात्यासाहेबांचा," मी म्हणालो. पांडुरंगानं मला माफ केलं असावं, त्या रात्री झोप बरी लागली.

निरोप गेला तसे तात्यासाहेब कडक इस्त्रीत आले. "माझा आज कुठं आला?" असं पुटपुटले, पण चारशे माणसांत वीणेला नाही कसं म्हणणार? पाया पडून त्यांनी वीणा गळ्यात घेतली. पाठकांनीही त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि हलक्या मानेनं बाजूला सरकले.

वहिनी समोर येऊन मांडी घालून बसल्या. "तात्यासाहेब, लाइन मैदानावरून न्या, असं तुम्ही बोललात का हो?"

तात्यासाहेबांनी डोळे मिटले आणि नामाचा गजर सुरू केला. विठ्ठल विठ्ठल विठ्ठल, मधे एक श्वासही मोकळा जाऊ देईनात. नाम घेणाऱ्याला थांबवणार कोण? लोकांना वाटलं, अध्यक्षांना रंग चढला. टाळकरी धावून आले, पखवाज जुळला, म्हाताऱ्या फेर धरायला लागल्या. मला पण राहवलं नाही. खरं सांगतो, एवढा सुंदर गजर आमच्या मंडपात कधी झाला नव्हता, आणि तो सगळा एक उत्तर टाळायला!

वहिनी तेवढ्या हलल्या नाहीत. तात्यासाहेबांचा दम कधी संपतो ते बघत बसल्या.

अर्ध्या तासानं संपला. पखवाजही थांबला.

"हां, तर बोललात का?"

"व्हय," तात्यासाहेब धापा टाकत म्हणाले. "बोललो."

"कामून?"

"माळावर ढाबा टाकायचाय. रस्ता रुंद व्हायलाय."

आधी एक म्हातारी हसली, मग सगळा मंडप. पाठक पुढं झाले. "अहो, मग तेव्हाच बोलायचं ना! रस्त्याची बाजू सोडून मागच्या खडकावरून नेतो लाइन. ढाबा रस्त्याला, तारा मागं. फक्त संमती लेखी द्या."

"ढाब्याला धक्का नाय?"

"नाही. पण त्या पट्ट्यात पुढं काही बांधायचं नाही."

"खडकावर काय बांधू, कपाळ?" म्हणत तात्यासाहेबांनी वीणा सावरली आणि बन्सीच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. बन्सी परत कधी आला, देव जाणे.

साहेबांचा माणूस खुंट्या उपटायला गेला. तेवढ्यात सांडू हात जोडत पुढं आला. "द्या तात्या, पहारा खरा माझाच व्हता."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी यादी पाठीमागं धरली. पण त्यांनी वीणा सोडली नाही.

"थांब रे," ते वहिनींना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणखी काही विचारायचं असंल तर आत्ताच विचारून घ्या. ही उतरली की माझा भरवसा नाय."