आपापलं थडगं

दुसऱ्या ममीला पट्ट्या गुंडाळतानाच व्हर्नर लिंडक्विस्टला कळून चुकलं, की हे काम आपल्या हातचं नाही. सांगायला सगळं सोपं होतं. पिठाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या, सॉसेजभोवती आडव्यातिडव्या फिरवायच्या, वरच्या टोकाला डोळ्यांपुरती फट ठेवायची आणि भट्टीत घालायचं. पण त्याच्या पट्ट्या कुठे जाड, कुठे पातळ, आणि फट भलत्याच जागी.

"ही ममी होय?" त्याची थोरली बहीण आल्मा टेबलापलीकडून म्हणाली. "मला वाटलं, दाढ दुखते म्हणून कुणी फडकं बांधून बसलंय."

"तू कर मग."

"मी कशाला? वचन तू दिलंयस."

वचन खरंच त्याने दिलं होतं, आणि सकाळपासून तेच त्याच्या जिवाला लागलं होतं. एप्रिलमध्ये कारिन, त्याची एकुलती एक मुलगी, गेली. तेव्हापासून व्हर्नर जावयाच्या, डॉइलच्या घरी येऊन राहिला होता, दोन नातींना करून घालायला. धाकटी ब्रिटा पाच वर्षांची. रडायची, मग विसरायची. नऊ वर्षांची सिग्ने मात्र आईला पोचवून आल्यापासून एकदाही जेवणाच्या टेबलाशी बसली नव्हती. ताटली घेऊन जिन्याच्या पायरीवर जायची, चार घास खायची, उरलेलं ठेवून द्यायची. गोडाला तर शिवतच नव्हती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, थांबा, वेळ द्या. घर सहा महिने थांबलं होतं. पोरीची मनगटं काडीसारखी झाली होती.

आणि आज सकाळी, हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या दिवशी, शाळेच्या बसची वाट पाहताना ती आपण होऊन म्हणाली होती, "आजोबा, ममी आणि आईचं पुडिंग करशील? तू ते केलंस तर मी टेबलाशी बसेन." व्हर्नरने लगेच वचन दिलं होतं.

कारिनचं पुडिंग म्हणजे अख्खी दफनभूमी. काचेच्या मोठ्या भांड्यात चॉकलेटचं पुडिंग, त्यावर काळ्या बिस्किटांचा चुरा पसरून केलेली माती, मातीतून डोकावणारी जेलीची गांडुळं. आणि मातीत उभी खोचलेली लांबट बिस्किटं, घरातल्या दर माणसामागे एक. त्यांवर पांढऱ्या साखरेने नाव आणि खाली एक चेष्टेची ओळ. गेल्या साली डॉइलच्या थडग्यावर होतं, 'घोरणं थांबलं एकदाचं'. व्हर्नरने आयुष्यभर गावाचं वाचनालय सांभाळलं, म्हणून त्याच्या थडग्यावर 'इथेही शांतता राखा'. आणि नियम एकच: आपापलं थडगं आपणच खायचं. खाल्लं, की वर्षभर मरण फिरकत नाही.

दुपारी डॉइल धान्याच्या कोठारावरून जेवायला आला. मक्याचा हंगाम होता, कपडे भुशाने माखले होते. भांडं पाहून तो उभाच राहिला.

"थडगी करू नका, व्हर्नर."

"तिने मागितलंय रे."

"पुडिंग करा. थडगी नकोत. कारिनचं थडगं करणार तुम्ही? आणि नाही केलं, तर तिची जागा मोकळी ठेवणार?"

जन्मभर लोकांचे प्रश्न व्हर्नर पुस्तकं धुंडाळून सोडवत आला होता. हा कुठल्या कपाटात शोधायचा? शेवटी त्याने बिस्किटांचा पुडा कपाटात ठेवून दिला आणि नारिंगी साखरेचे छोटे भोपळे वळून मातीवर मांडले. भोपळ्यांना डोळे काढले, दात काढले. बरे दिसत होते. पोरगी समजून घेईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण स्वतःचं सांगणं त्याला फारसं कधी पटत नसे.

पावणेचारला सिग्ने आली. दप्तरासकट थेट टेबलापाशी गेली.

"थडगी कुठायत?"

"या वर्षी भोपळे केलेत, बाळा. हा बघ, याला एकच दात—"

"थडगी कुठायत, आजोबा?"

"अगं, तुझा बाबाच म्हणाला," आल्मा मध्ये पडली, "की यंदा—"

"मग सगळे खाणार काय?" सिग्नेचा आवाज चिरकला. "ब्रिटा काय खाणार? बाबा काय खाणार? आपापलं खाल्लं नाही, तर सगळेच..."

दप्तर पाठीवर तसंच ठेवून ती फरशीवर बसली आणि भिंतीकडे पाहत म्हणाली, "आईचं मी खाल्लं होतं."

"काय खाल्लंस?"

"थडगं. गेल्या वर्षी. माझं संपलं आणि मला अजून हवं होतं. ती हसली. म्हणाली, घे, कुणाला सांगू नकोस. मी खाल्लं. मग ती मेली."

व्हर्नरच्या हातातला चमचा तसाच राहिला. सहा महिने पोरीने हे एकटीने पोटात ठेवलं होतं, आणि आपण तिच्यापुढे सूप ठेवत होतो, पाव ठेवत होतो, खा म्हणत होतो.

तो भिंतीला धरून हळूहळू खाली बसला.

"सिग्ने, तो नियम तुझ्या आईने केलेला नाही. मी केलाय."

तिने मान वळवली.

"तुझी आई सात वर्षांची होती तेव्हा. बिस्किटांवर अशी तुटून पडायची, की पाहुण्या मुलांना काही उरतच नसे. मी म्हटलं, दुसऱ्याचं खाशील तर तो मरेल. डोक्यात आलं ते बोललो. कुठल्या पुस्तकात नाही ते, कुणा देवाने सांगितलेलं नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतोयस."

"खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात," आल्मा म्हणाली. "लहानपणापासून. बघ तूच."

सिग्नेने पुढे वाकून दोन्ही कान नीट पाहिले. मग विचारलं, "आईने ऐकलं का तेव्हा?"

"कसलं ऐकते! पुढच्याच वर्षी माझं थडगं उचललं आणि माझ्या डोळ्यांदेखत खाल्लं. तेहतीस वर्षं झाली त्याला."

"मग आई का मेली?"

"तिच्या रक्तात आजार होता. कधीपासून होता, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. का झाला, ते मलाही माहीत नाही. पण पोरीला मरणाची भीती घालणारा मीच. ती भीती फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली. माझं चुकलं, बाळा."

वरच्या खोलीत ब्रिटा भुताच्या सोंगासाठी पांघरलेल्या चादरीत पाय अडकून धडपडल्याचा आवाज आला.

"बिस्किटं आहेत का घरात?" सिग्नेने विचारलं.

व्हर्नरने पुडा काढून दिला. तिने दप्तर उतरवलं, हात धुतले आणि नावं लिहायला बसली. ओळी लिहिल्या नाहीत, नुसती नावं. डॉइल आला तेव्हा आल्माने त्याला दारातच गाठून हलक्या आवाजात सगळं सांगितलं. तो बूट न काढताच आत आला, लेकीशेजारी बसला. सिग्नेच्या हातात कोरं बिस्किट होतं.

"आईचं करू?"

डॉइलने पांढरी साखर तिच्यापुढे सरकवली. "कर," तो म्हणाला.

साडेपाचला सगळे जेवायला बसले. बाहेर अजून उजेड होता. रस्त्यावर सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरणाऱ्या मुलांचे पहिले घोळके दिसू लागले होते. सिग्ने आपल्या खुर्चीवर बसली. ममींना कुणी नावं ठेवली नाहीत. पुडिंग आलं तेव्हा व्हर्नरने आपलं थडगं उपटलं आणि तिच्या ताटलीत ठेवलं.

"खा."

"नको." तिने हात मागे घेतले. "तू म्हातारा आहेस, आजोबा."

"आहेच. आणि मरणार आहे मी कधीतरी. पण तू बिस्किट खाल्लंस म्हणून मरणार नाही."

डॉइलने चमचा खाली ठेवला. मग सिग्नेने ते बिस्किट उचललं, मधोमध मोडलं, दोन्ही तुकडे शेजारीशेजारी धरून पाहिले आणि मोठा तुकडा आजोबांपुढे सरकवला.

"आधी तू."

व्हर्नरने तो तोंडात टाकला, चावला. त्याचा घास गळ्याखाली उतरेपर्यंत सिग्नेची नजर त्याच्या गळ्यावरून हलली नाही. तो उतरल्यावरही ती थोडी थांबली. मग तिने आपला तुकडा खाल्ला, आणि पुडिंगसाठी ताटली पुढे केली.