सारवलेल्या रानातली पाण्याची परीक्षा

रविवार, २६ मे २०२४. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती. घोडेगावच्या अलीकडे, झुंबरबाई दहातोंडे यांच्या बांधावर अकरा माणसे, एक ट्रॅक्टर आणि एक शेळी हजर होती. शेळी कोणाची, हे शेवटपर्यंत कळले नाही.

ही मोजणी शामकांत निसळ यांनी स्कूटरवरून उतरण्यापूर्वी केली. नगरच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी उमेदीची सारी वर्षे मृदा प्रयोगशाळा चालवली होती, आणि हजेरी घेतल्याशिवाय प्रयोगाला हात घालणे त्यांना निवृत्तीनंतरही जमत नव्हते.

त्यांना बोलावले होते झुंबरबाईंच्या धाकट्या सुनेने, पंकजाने. तिचा नवरा पुण्यात कारखान्यात होता; तो सरांचा जुना विद्यार्थी. खालचे रान पंकजा एकटी पाहत असे आणि गेली चार वर्षे तिने त्यात नांगर घातला नव्हता. मागच्या पिकाची मुळे जमिनीतच ठेवायची, मक्याची धाटे आणि हरभऱ्याचे काड वर अंथरायचे, आणि त्यातच नवे बी टोकायचे, असा तिचा शिरस्ता. लोक त्या रानाला पडीक म्हणत. थोरला दीर हनुमंत याला ते सहन होत नव्हते. ट्रॅक्टर त्याचा, पलटी नांगर त्याचा, आणि भावकीत विचारणा मात्र अशी होई की, रान पडीक का, तुझा भाऊ बरा आहे ना?

जमीन झुंबरबाईंच्या नावावर होती, तेव्हा निवाडाही त्यांचाच. त्यांनी तो सोपा करून टाकला होता. नगरचे मास्तर येतील, दोन्ही रानांत पाणी ओततील. ज्याच्या रानात पाणी लवकर मुरेल, त्याचे खरे. पंकजा हरली तर नांगर तिथल्या तिथे, त्याच सकाळी लागणार होता. म्हणून ट्रॅक्टर नांगर जोडूनच उभा होता.

सरांनी पिशवीतल्या दोन लोखंडी कड्यांपैकी एक काढले. व्यास तीस सेंटिमीटर. ते अर्धे जमिनीत ठोकायचे, आत पावणेदोन लिटर पाणी ओतायचे, म्हणजे एक इंच उभे राहते. आणि ते नाहीसे होईपर्यंत घड्याळ पाहत बसायचे.

आधी हनुमंताचे रान. मार्चमध्ये नांगरलेले, नंतर रोटाव्हेटर फिरवून पिठासारखे बारीक केलेले. पंधरवड्यापूर्वी वळवाची एक सर पडली होती आणि त्या पिठाची वर खपली धरली होती. पाणी मुरायला एकतीस मिनिटे लागली.

"एकतीस म्हंजे चांगलं का वंगाळ?" हनुमंताने विचारले.

"दुसरा आकडा आल्याशिवाय सांगता येणार नाही," सर म्हणाले.

मग सगळे खालच्या रानात आले, आणि तिथे सर क्षणभर थबकले.

रानाच्या मध्यभागी चटईएवढी जागा लख्ख झाडलेली होती. काड-कचरा बाजूला सारलेला, आणि भुईवर शेणाचे गुळगुळीत सारवण. कडेला पाण्याचा तांब्या आणि बसायला पाट.

"तुमी फोनवर म्हनला व्हता ना, मी भुईवर बसनार, जागा तयार ठेवा," झुंबरबाई म्हणाल्या. "काल सांजच्याला एक हात दिला, आज पहाटे दुसरा. मोठ्या मानसाला काय काडात बसवायचं?"

सरांना त्याच क्षणी शंका आली. परंतु ऐंशीच्या घरातल्या बाईने पहाटे उठून केलेला सत्कार नाकारावा कसा, याची कार्यपद्धती कोणत्याही मानकात दिलेली नव्हती. थर पातळ आहे, भिजला की सुटेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले, पाटावर बसले आणि कडे ठोकले. ठोकताना कड्याच्या आतल्या बाजूने सारवणाला तडा गेला. झुंबरबाईंना ते बघवेना. त्या वाकल्या आणि ओल्या शेणाची दोन बोटे फिरवून त्यांनी तडा बुजवला.

"आभारी आहे," सर म्हणाले, आणि त्यांनी पाणी ओतले.

पाणी तिथेच राहिले. दहा मिनिटे झाली, वीस झाली, एकतीस झाली. कड्यात आभाळ दिसत होते आणि त्यात एक मुंगी पोहत होती. पंकजा कमरेला पदर खोचून उभी होती. तिने एकदा सरांकडे पाहिले आणि मग ट्रॅक्टरकडे.

हनुमंत सीटवर चढला. "झालं ना सर? पानी जागचं हाललं न्हाई. चल गं पंकजा, काड बाजूला घे. नांगराला गुतंल."

"दादा, जरा थांबा की," पंकजा म्हणाली. "चार वर्सं घातल्यात त्यात. एका घंट्यात उलटून टाकाल."

इंजिन सुरू झाले. सर पाटावरून उठले. गुडघ्यामुळे उठायला जरा वेळ लागला.

"थांबा. ही परीक्षा रद्द समजावी," ते म्हणाले. "चूक माझी आहे. पाणी जमिनीने अडवलेले नाही. ते सारवणाने अडवले आहे."

हनुमंताने इंजिन बंद केले, पण तो उतरला नाही. "असं कसं? जागा तुमीच मागितली. कडं तुमीच ठोकलं. आता आकडा पटंना व्हय?"

"सारवलेल्या भुईत पाणी मुरत नाही."

"सर, सारवन म्हंजे काय सिमेंट हाय का?" हनुमंत बांधावरच्या मंडळींकडे बघून हसला. "शेनाचा हात फिरवलाय नुसता. त्याच्यानं कुठं पानी थांबतंय? भस्सदिशी खाली जातंय."

बांधावर कोणी हसले नाही. झुंबरबाईंनी हळूच मान वळवली.

"काय म्हनलास?"

"काय न्हाई, आई."

"न्हाई, म्हन की परत. माझ्या सारवनातनं पानी खाली जातंय?"

"तसं न्हवं गं—"

"तुझ्या बारशाला तीन पंगती उठल्या माझ्या अंगनात. एक पोपडा निघाला न्हाई. घागर सांडली तर पानी उंबऱ्याला वळसा घालून मोरीला जातंय, भुईत शिरत न्हाई. अन् तू आज चारचौघांत म्हनतोस, भस्सदिशी?"

"आत्या, जाऊ द्या," पंकजा म्हणाली.

"तू गप. हे माझ्या हाताचं हाय, तुझ्या रानाचं न्हाई." झुंबरबाई सरांकडे वळल्या. "मास्तर, ते कडं तसंच ऱ्हाऊ द्या. माझा हात जिथं लागला न्हाई, तिथं दुसरं ठोका. ह्याला बघू दे कशानं थांबलं ते."

सरांनी या वेळी पाट नाकारला. पंकजाने काड हातभर बाजूला केले. खालची माती मे महिन्यातही गार होती. सरांनी भेग नाही याची बोटाने खात्री केली, दुसरे कडे ठोकले, पाणी ओतले आणि घड्याळाकडे पाहिले.

तीन मिनिटांत कडे रिकामे झाले. ओल्या जमिनीचा खरा वेग कळावा म्हणून त्यांनी पुन्हा तेवढेच पाणी ओतले. ते सात मिनिटांत गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी जागा बदलली आणि तिथे एकोणीस मिनिटे लागली, कारण तिथून बैलगाडीची वाट जात होती; तेही त्यांनी मोठ्याने सांगितले.

"भेग असंल खाली," हनुमंत म्हणाला.

सरांनी फावड्याने एक ढेकूळ उचलून त्याच्या हातात दिले. त्याने ते दाबले. ढेकूळ पिठासारखे न होता ज्वारीएवढ्या कणांत सुटले. मधे कुजलेल्या मुळांच्या बारीक नळ्या होत्या आणि एक गांडूळ, जे घाईने आत गेले.

"हे कण एकमेकांना धरून आहेत, म्हणून मधल्या वाटा उघड्या राहतात," सर म्हणाले. "नांगराने त्या तुटतात. मग माती बारीक होते आणि पावसाचे थेंब तिला वरून लिंपतात."

"म्हंजे पाऊस बी सारवतोय," झुंबरबाई म्हणाल्या. "पर माझ्यावानी न्हाई. त्याच्यातनं एकतीस मिनटांत गेलं की."

सरांनी हे निरीक्षण अचूक असल्याचे मान्य केले.

हनुमंताने हात झटकले. "काय बी म्हना, दिसायला रान पडीकच दिसतंय."

"दिसायला तू बी शहाना दिसतोस," झुंबरबाई म्हणाल्या. "नांगर सोड. ट्रॅक्टर घराकडं ने."

मंडळी पांगली. पंकजाने झाडलेल्या जागेवर पुन्हा काड अंथरले. पहिल्या कड्यात पाणी अजून तसेच उभे असल्यामुळे तेवढी जागा सोडून. सरांनी घरी जाऊन अहवाल लिहिला. त्यात दोन्ही रानांच्या वेळा, बैलगाडीची वाट आणि रद्द केलेली चाचणी, सारे नोंदवले.

त्या दिवशी नांगरलेले क्षेत्र: शून्य गुंठे.