उभ्या मापाचा रॅश गार्ड

सुबोध सरांनी तीन टी-शर्ट मॅटवर टाकले आणि म्हणाले, "प्रियदर्शनी, हे फाडून दाखव."

सरांना खरंच फाडून हवे होते असं नाही. पण त्या दिवसांत प्रियदर्शनीला कुणी 'करून दाखव' म्हटलं की ती आधी करायची आणि मग विचारायची की नक्की काय करायचं होतं. सहा महिन्यांपूर्वी हीच पोरगी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा शेजारणीच्या दप्तराआड तोंड लपवायची. मग सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या माडीवर ब्राझिलियन जिऊ-जित्सूचा क्लास निघाला. आपल्याहून दहा किलो जड मुलीलाही खाली पडल्या पडल्या, नुसत्या पायांत धरून हार मानायला लावता येतं, हे तिला तिथं कळलं. तेव्हापासून तिचा आवाज जो चढला तो उतरलाच नाही. घरचे म्हणायचे, आता हिला कुणीतरी खाली पाडा. ती म्हणायची, पाडा की, खालीच तर मजा असते.

तर ते टी-शर्ट म्हणजे रॅश गार्ड. अंगाला घट्ट बसणारे, ताणले जाणारे. मॅटवर घासून कातडी सोलू नये आणि ढिल्या कापडात समोरच्याची बोटं अडकून मोडू नयेत, एवढ्यासाठी असतात. पुढच्या महिन्यात पुण्याला स्पर्धा होती आणि बावीस जणांना एकसारखे हवे होते. तीन ठिकाणांहून नमुने आले होते. सरांनी लेबलं कापून आतल्या बाजूला मार्करनं एक, दोन, तीन असे आकडे टाकले आणि एक तक्ता आखला: शिवण, वर सरकणं, ताणल्यावर आतलं दिसणं, धुणं, घाम. प्रत्येकाला दहापैकी गुण.

"रविवारी सकाळी तक्ता दे. तू म्हणशील तोच घेऊ."

"सर, सहावा रकाना काढू? दिसायला कसा?"

"नको."

"सर, दिसण्याला फार असतं."

"प्रियदर्शनी."

"नको तर नको."

आता यातली गोची अशी की तीन नंबरचा नमुना तिच्या वडिलांनी कापलेला होता, आणि हे क्लासमध्ये तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

तिचे आप्पा, बिरुदेव, नव्या पेठेतल्या एका गणवेशाच्या दुकानामागच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. एकोणीस वर्षं त्यांनी शाळेच्या पोरांचे शर्ट आणि पोरींचे पिनाफोर कापले, पण सगळे मालकाच्या फर्म्यावर, म्हणजे त्यांनी आखून दिलेल्या पुठ्ठ्याच्या मापावर. स्वतःचा फर्मा असा त्यांचा एकही नव्हता. या खेपेला गुरुबसप्पा मालक म्हणाले होते, "बिरुदेव, हा नमुना तुम्ही तुमच्या डोक्यानं काढा. पास झाला तर खेळाच्या कपड्यांचं टेबल वेगळं लावू, ते तुमचं." आप्पांनी ही गोष्ट घरी जेवताना एकदाच सांगितली आणि नंतर तिचं नाव काढलं नाही. त्यावरूनच कळत होतं की त्यांच्या डोक्यात दुसरं काही नाही.

माप त्यांनी घरीच लेकीचं घेतलं होतं. "सरळ उभी ऱ्हा. हात खाली. पोट आत घिऊ नगं." आणि बजावलं होतं, "सरांना सांगू नगं ह्यो माझा हाय म्हणून. उगं तुझं तोंड बगून पास करतील."

गुरुवारी एक नंबर. त्यावर वाघ होता, भलताच देखणा. पण ताणला की वाघासकट आतलं सगळं दिसायचं आणि पहिल्याच धुण्यात बादलीचं पाणी गुलाबी झालं. शुक्रवारी दोन नंबर, काळाकुट्ट, कंटाळवाणा. प्रियदर्शनीनं तासभर त्यात खोट शोधली. सापडली नाही, याचा तिला थोडा रागच आला.

शनिवारी तीन नंबर.

जोडीला मायाक्का होती. मायाक्का तिच्याहून एक वर्षानं मोठी, अंगानं दणकट आणि तोंडानं त्याहून. तिसऱ्या मिनिटाला प्रियदर्शनी पाठ वाकवून तिच्याखालून सुटायला गेली आणि शर्ट सरसर वर चढून बरगड्यांपाशी जाऊन बसला.

"अगं ये, पोट झाक की!" मायाक्का वरून म्हणाली. "एसी लावलाय व्हय?"

"गप बस, लढ."

"मी लढतीय. तू हवा खातीयस."

दहा मिनिटांनी काखेत आग व्हायला लागली. आप्पांनी शिवणीच्या आत अर्धा इंच जादा कापड सोडलं होतं. गणवेशात सोडतातच, पुढच्या वर्षी पोर वाढलं की उसवून मोठा करता येतो. सोलापुरात कुठलाही कटिंग मास्तर हे झोपेतसुद्धा करील. इथं ते जादा कापड काखेत करवतीसारखं फिरत होतं.

पाणी प्यायच्या सुट्टीत तिनं तक्ता उघडला. 'वर सरकणं' या रकान्यात पेन्सिलीनं आठ लिहिले. आठ म्हणजे काही फार नव्हेत, तिनं स्वतःला समजावलं. दहा तर दिलेले नाहीत.

मग अदलाबदल झाली. तीन नंबर मायाक्कानं घातला. डाव रंगात आला होता. मायाक्का वर होती, जिंकल्यात जमा. तेवढ्यात तिचाही शर्ट वर गेला आणि तो खाली ओढायला तिनं दोन्ही हात सोडले. प्रियदर्शनीनं विचार वगैरे काही केला नाही. पाय वर टाकले, मायाक्काची मान आणि एक हात मध्ये धरला, आवळला. मायाक्कानं मॅटवर तीनदा थाप मारली, म्हणजे हार कबूल.

"चीटिंग!" ती धापा टाकत म्हणाली. "मी शर्ट वडत हुते की!"

"म्हणून तर सापडलीस."

हे बोलून प्रियदर्शनी उठून बसली. पुण्याला बावीस जण हाच शर्ट घालून जाणार आणि बावीसच्या बावीस कधी ना कधी हात सोडून तो खाली ओढणार. तिनं तक्त्यातले आठ खोडले आणि शून्य लिहिलं. शिवणीला तीन.

घरी आप्पा जेवून भिंतीला टेकले होते. तिनं काखेपाशी उठलेला लाल वळ दाखवला आणि एका दमात सांगून टाकलं, "आप्पा, तीन नंबर नापास हाय."

आप्पांनी वळ पाहिला. "धुतल्यावर बसंल की शिवण."

"घालायच्या आधीच दोनदा धुतलाय."

"एकोणीस वर्सं कापतोय. एका शाळंची तक्रार न्हाय."

"त्या पोरी प्रार्थनेला उभ्या असत्यात, आप्पा. आमी उभ्या नसतो."

"मग काय झोपता?"

"व्हय."

आप्पांनी तिच्याकडं नीट पाहिलं. चेष्टा नव्हती. मग तिनं तो शर्ट चढवला, गादीची वळकटी ओढली, स्वतः खाली पडून ती अंगावर घेतली आणि पायांत आवळून फिरवायला लागली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं शिवण उसवंल गादीची!" कुणी लक्ष दिलं नाही. आप्पा उकिडवे बसले. मग जवळ सरकले. मग मान वाकडी करून खालून बघायला लागले.

"मेंढी कातरताना आशीच धरत्यात," ते स्वतःशीच बोलले. त्यांचं लहानपण मंगळवेढ्याकडं, आजोबांच्या कळपात गेलेलं. "पालथी केली की कातडं कुटंच्या कुटं जातं. थांब. हल्लीस तर बग."

"वळकटी सोडू?"

"सोडू नगं."

त्यांनी खुंटीवरचा टेप काढला आणि तशाच गोळा झालेल्या लेकीच्या मानेपासून कमरेपर्यंत लावला. पुन्हा लावला. "पाठ चार बोटं वाढली की गं तुजी." मग काखेत बोट घालून पाहिलं. "हितं चौकोनी तुकडा पायजे हुता. आन् ही जादा कापडाची भानगड नको हुती."

"उद्या सकाळी तक्ता द्यायचाय, आप्पा."

"ठावं हाय." ते भिंतीपाशी परत गेले. बराच वेळ टेप बोटाभोवती गुंडाळत राहिले, सोडत राहिले. मग म्हणाले, "वाच काय काय दिलंयस ते."

तिनं वाचलं. शिवण, तीन. वर सरकणं, शून्य. आप्पांनी नुसती मान हलवली. आतलं दिसणं, दहा. घाम, सहा. धुणं, आठ.

"आठ का?"

"आं?"

"रंग गेला व्हय?"

"न्हाय."

"आकसला?"

"न्हाय."

"मग दोन कुटं गेले?"

"तुमचा हाय म्हणून कापले," ती म्हणाली. "उगं कुणी म्हणायला नको."

"माझा हाय म्हणून वाढवू नगं म्हटलं, तसं कापू बी नगं की. कापडानं काय केलंय तुजं?"

तिनं खोडून दहा केले. बेरीज एकोणतीस झाली. दोन नंबरची शेहेचाळीस होती, त्यामुळे त्या दोन गुणांनी कुठंच काही फरक पडला नाही.

सरांनी दोन नंबर ठरवला. तीन नंबर कुणाचा हे तिनं तक्ता देऊन झाल्यावर सांगितलं. सरांनी तक्ता घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "बरं. चल, वॉर्म-अप." गुरुबसप्पा मालकही रागावले नाहीत. शाळा सुरू व्हायचे दिवस होते, गणवेशांचे ढीग पडले होते. "टेबलाचं दिवाळीनंतर बघू," ते म्हणाले. सोमवारी आप्पा नेहमीसारखे मालकाचा फर्मा मांडून पिनाफोर कापायला लागले.

पंधरा दिवसांनी काळे रॅश गार्ड आले. प्रियदर्शनीनं आपला घरी आणला तेव्हा आप्पांनी हात धुतले, पुसले आणि तो मागून घेतला. उलटा केला. दारातल्या उजेडात नेऊन शिवणीवरून अंगठा फिरवला, काखेत थांबले, परत मागं आले.

"लई नीट शिवलंय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "उसवू का?"

"आप्पा! पुण्याला घालायचाय!"

"कापलाय कसा तेवढं बगतो, परत शिवून देतो की. तुला कळणार बी न्हाय."

"मला सगळं कळतं. स्पर्धा झाल्यावर उसवा. रविवारी मी परत आले की."

"चालतंय," आप्पा म्हणाले, पण शर्ट काही हातातून सोडला नाही.