जिन्यातलं घायपात

जिन्याचा कोपरा दिसला की माणसाला थुंकावंसं का वाटतं, हे मंजुषाला जन्मात कळलं नाही. अंगण आहे, बाहेर नाली आहे, सारा रस्ता मोकळा पडलाय. पण नाही, थुंकायला जिन्याचा कोपराच हवा, आणि तोही ताजा रंगवलेला. मालकानं, गुणवंतरावांनी, दिवाळीआधी घराला रंग दिला आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत खालच्या वळणावरची भिंत लालभडक झाली. चावलेल्या सुपारीचे कण भिंतीला चिकटून वाळले होते, ओघळ पायरीपर्यंत आले होते. मंजुषा साडी आवरून, श्वास रोखून तिथून चढायची आणि घरात शिरल्यावर आधी पाय धुवायची.

घर गडचिरोलीत, चामोर्शी रस्त्याच्या आतल्या गल्लीत. वर गुणवंतराव, मधल्या मजल्यावर भाड्यानं मंजुषा आणि तिचा नवरा राजदीप, खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला विक्की. म्हणजे आरोपी शोधायला पोलीस नको होते. विक्कीच्या गालात सकाळपासून खर्रा असायचा आणि गच्चीवरच्या टाकीचा वॉल फिरवायला तो दिवसातून दोनदा जिना चढायचा.

मंजुषाची किळस नुसती स्वच्छतेपायी नव्हती. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला तो खर्रा राजदीपनं बारा वर्षं खाल्ला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या गालाची आतली कातडी पांढरी, चिवट झालेली दिसली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावली. जेमतेम गेली. डॉक्टर म्हणाले, आज सोडलं तर बहुतेक इथंच थांबेल. नाही सोडलं तर तोंड मिटत जाईल, आणि त्याच्या पुढचं मी आत्ताच बोलत नाही. दर महिन्याला घरी बोटं घालून पाहा.

बुद्धपौर्णिमेला राजदीपनं विहारात सगळ्यांदेखत पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, पुन्हा घेतलं आणि खर्रा सोडला. मंजुषाला कोण अभिमान वाटला! ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. धानोऱ्याकडच्या गावांत खर्रामुक्तीच्या सभा घेणं तिच्याच गळ्यात. तिथं ती बायांना सांगायची, माझ्या नवऱ्यानं सोडला, तुमचा काय दगडाचा आहे? पहिले दोन महिने तिनं त्याची बोटं मोजली. तिसऱ्या महिन्यात तो वैतागला; बैलबाजारात दात पाहतात तसं काय पाहतेस, म्हणाला. तिची तिलाच लाज वाटली. विश्वास टाकायचा तर पुरा टाकावा, म्हणून तिनं मोजणं सोडलं.

कोपऱ्यासाठी गुणवंतरावांकडे तोडगा तयार होता. देवांच्या फरशा लावू, गणपती लावू, साईबाबा लावू, आणि तुमच्यासाठी बुद्ध अन् बाबासाहेबही लावू, म्हणाले. भला माणूस, मनात काही वाईट नव्हतं. पण त्या ओघळांच्या वर बाबासाहेबांचा चेहरा, ही नुसती कल्पनाही मंजुषाला सोसवेना. कोणाचाही देव थुंकीच्या पहाऱ्याला बसवणं तिला थुंकीइतकंच घाण वाटलं.

"त्यापरीस काटे लावते मी तिथी," ती म्हणाली.

आणि तिनं चंद्रपूरच्या नर्सरीतून घायपात आणलं. शेताच्या धुऱ्यावर कुंपणाला असतं तेच, पण बुटकं, निळसर, पानांच्या टोकांना दाभणासारखे काळे काटे, आणि नाव अगेव्ह. गुणवंतराव हसून म्हणाले, आमच्याकडे याला गुरं तोंड लावत नाहीत अन् तुम्ही कुंडीत मिरवता. मंजुषानं नर्सरीवाल्याचा शब्दन् शब्द पाळला. निम्मी माती, निम्मी वैनगंगेची जाड रेती, खाली विटांचे तुकडे. पाणी पंधरा दिवसांतून एकदा, तेही बुडाशी. गाभ्यात पाणी साचलं की हे झाड सडतं, हे त्यानं तीनदा बजावलं होतं.

कुंडी कोपऱ्यात बसली आणि भिंतीवर नवा ओघळ आला नाही. थुंकणारा झाडात थुंकू लागला.

चौथ्याच दिवशी गाभ्यात लाल, बुळबुळीत पाणी साचलेलं होतं आणि पानांच्या बेचक्यांत सुपारी अडकली होती. नाकाला पदर बांधून मंजुषानं जुन्या टूथब्रशनं एकेक पान घासलं. दोनदा ओकारी आली. पाण्याचा लाल थेंब मनगटावर उडाला तेव्हा हातच तोडून टाकावा असं तिला झालं. तशीच ती ब्रश घेऊन खाली गेली आणि चार गिऱ्हाइकांसमोर तिनं विक्कीची खरडपट्टी काढली. तुझ्या आईनं उंबरठा शिकवला नाही का, इथपर्यंत बोलली.

विक्कीनं हातातला मोबाइल खाली ठेवला. "बाई, मी खातो, अन् थुकतो नालीत. खातो ते सांगून खातो. तुमच्या झाडात मी नाई थुकलो."

चोर कधी कबूल करतो का! मंजुषा पाय आपटत वर आली. त्या दिवसापासून विक्की वॉल फिरवायला गुणवंतरावांनाच फोन करू लागला, आणि तिला वाटलं, बरी जिरली.

झाडाची काळजी मग राजदीपनं घेतली. तुला काटे टोचतात, शिवाय घाण वाटते, आता झाडाचं मी पाहतो, असं तो आपण होऊन म्हणाला. संध्याकाळी कचेरीतून येताना तो वळणावर थांबायचा आणि बाटलीतलं उरलेलं पाणी झाडावर ओतायचा. वर पोळ्या लाटता लाटता मंजुषाला ती गुळगुळ ऐकू यायची आणि तिचं मन भरून यायचं. इतकं पाणी त्याला चालत नाही, असं ती सांगायची. तो म्हणायचा, पानांवरची धूळ तेवढी धुतो. थुंकी दिसेनाशी झाली होती, तेव्हा दोन थेंब जास्त गेले तर गेले. त्याच थंडीत राजदीपनं ठेचा खाणं बंद केलं, भात मऊ मागू लागला. मंजुषानं भात मऊ शिजवला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाड कलंडलं. मंजुषानं मधलं पान धरलं तर ते लोण्यातून सुरी निघावी तसं हातात आलं, आणि असा भपकारा सुटला की ती भिंतीला टेकली. गाभा तपकिरी चिखल झाला होता. त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. तिनं दात आवळून कुंडी ओढली आणि भिंतीकडच्या बाजूला, जिथं काट्यांमुळे कोणी हात घालणार नाही अशा खालच्या पानांच्या आड, पन्न्या दिसल्या. चोळामोळा केलेल्या, चिकट, दहा-बारा तरी असतील. आणि त्यांच्यामागे एक ताजी पुडी, दोरा गुंडाळलेली, कागदात नीट बांधलेली.

कागद तिच्या ओळखीचा होता. तिनंच छापून आणलेलं प्रतिज्ञापत्र. गावांत वाटून उरलेला गठ्ठा घरात लोखंडी कपाटावर ठेवलेला होता, आणि कपाट काही जिन्यात नव्हतं. "मी यापुढे खर्रा खाणार नाही," ही ओळ दोऱ्याखाली बरोबर मधोमध आली होती. खाली सहीची जागा कोरी होती.

खाली विक्की शटर उघडत होता. तिच्या हातातलं पाहून तो आत गेला आणि बादलीभर पाणी आणून पायरीवर ठेवलं.

"मालूम होतं तुले?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तुमी मानलं असतं काय, बाई?"

माफी मागायला हवी होती. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि ती त्या कुंपणाच्या नावानं गावोगाव टाळ्या घेत फिरली होती. स्वतःच्याच आवाजाची तिला शिसारी आली. बादलीला हात न लावता ती वर गेली.

राजदीप पलंगावर मोबाइल पाहत होता. झाड कसं आहे, त्यानं विचारलं. मंजुषानं पुडी त्याच्या मांडीवर टाकली. तिच्या हातांना अजून सडक्या गाभ्याची घाण येत होती. त्यानं पुडीकडे पाहिलं आणि पहिलं नाव घेतलं ते विक्कीचं. तो पोट्टा लपवत असेल, म्हणाला. तिनं दोरा सोडून कागद उलगडला आणि ती ओळ त्याच्यासमोर धरली.

"तोंड उघडा."

"मंजू, आयक..."

"बोटं घाला. तीन."

त्यानं तीन बोटं उभी केली, मग तिच्याकडे पाहून एक मिटलं. उरलेली दोन दातांवरच अडली. तिनं त्याचं मनगट धरून रेटलं, तसं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आणखी एक मिटलं. ते एकटं बोट आत गेलं.

मंजुषाच्या पोटातली किळस कुठल्या कुठे गेली, आणि तिच्या जागी जे आलं त्यापेक्षा किळस बरी होती. तिनं मनगट सोडलं नाही.

"आणखी उघडा," ती म्हणाली.

"येवढंच उघडते," तो बोटाआडून म्हणाला.