दुपारची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, मागच्या डाव्या पायाने जराशी लंगडी. मित्रांनो, आयुष्यात एकदाच चारचौघांत माझे कौतुक झाले, आणि नेमक्या त्याच दिवसाची मला आजही लाज वाटते. पण ते सांगण्याआधी थोडे माझ्या जन्माविषयी.

एका फटकळ सुताराने आम्हा चौघी बहिणींना घडवले. आम्हाला घासताना तो पुटपुटायचा, "बसणाऱ्याला कुठे टोचलं-बिचलं तर शिव्या मला पडतील." पुढे एका नव्या संसारात आम्ही टेबलासकट दाखल झालो. मुले झाल्यावर वाटण्या ठरल्या: एक बहीण बाबांची, एक दादाची, एक धाकट्या छोटीची. छोटी आज घरात सगळ्यांत उंच आहे, तरी तिचे नाव छोटीच राहिले. मी स्वयंपाकघराच्या दाराजवळची, म्हणून आईच्या वाट्याची.

पण रात्री सगळे जेवायला बसत तेव्हा आई गरम गरम वाढत उभीच असे, आणि शेवटी ओट्याशी उभ्यानेच जेवे. मग माझ्यावर ओली छत्री येई, दप्तर येई, घड्या घालायच्या कपड्यांचा ढीग येई. कोणी उचलायला गेलेच तर आई म्हणायची, "राहू दे, मी कुठे बसतेय!"

आता एक गुपित सांगते. दुपारी सगळे बाहेर गेले, भांडी पालथी पडली, की आई माझ्यावरचा पसारा उतरवायची. मला ओढत खिडकीशी न्यायची, माझी निळी उशी झटकायची आणि ऐसपैस बसायची. पाय बाबांच्या खुर्चीवर, मांडीवर ताट, रेडिओ चालू. गाणी ती बेसूर म्हणायची आणि बातम्या देणाऱ्याशी भांडायची. "तुला काय कळतंय रे मेल्या!" असे म्हणून स्वतःच खुदकन हसायची. दाराची कडी वाजली की झटकन उठून भाजीला फोडणी द्यायला लागायची. हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तेवढा वेळ मला माझाच मोठा रुबाब वाटायचा.

छोटीने कॉलेजात स्त्री-अभ्यास हा विषय घेतला. "त्याचं पुढे काय करतात?" बाबांनी विचारले. "आता घरात तोंड उघडायची चोरी," दादा म्हणाला. पोरगी हुशार. घरकामाला मोल का नाही, बाईचा वेळ कोणाच्या मालकीचा, यावर जेवताना अशी बोलायची की बाबांचा घास हातातच राहायचा. बोलता बोलता तिचे स्वतःचे ताट मात्र पुढे व्हायचे, आणि आई त्यात गरम वाढायची. माझ्या मनात यायचे, अगं, जरा मागे वळून बघ! पण लाकडाला तोंड कुठले?

शेवटच्या वर्षी त्यांच्या वर्गाचे प्रदर्शन ठरले. प्रत्येकीने घरातली एक वस्तू आणायची आणि तिच्यातून एका बाईचे आयुष्य मांडायचे. मॅडमचा एकच नियम होता, आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. जिच्याविषयी लिहाल तिला आधी वाचून दाखवा. ती नको म्हणाली तर फाडून टाका.

छोटीची नजर माझ्यावर गेली. "आई, कॉलेजच्या कार्यक्रमाला खुर्ची हवीय," एवढेच ती म्हणाली. आईला वाटले, तिथे खुर्च्या कमी पडल्या असतील. तिने मला ओल्या फडक्याने पुसले, लंगडा पाय सुतळीने आवळला. "लोक बसतील हिच्यावर. आपली शोभा नको व्हायला," ती म्हणाली.

तिथे माझ्यावर कोणी बसलेच नाही. मला चौथऱ्यावर चढवले, भोवती दोरी बांधली आणि पाठीला एक पाटी अडकवली: 'या खुर्चीवर या घरातली बाई कधीच बसली नाही.' खाली आईचा पाठमोरा फोटो, ओट्याशी उभ्याने जेवतानाचा. लोक थांबत, हळहळत. कोणी डोळे टिपत.

मॅडमनी छोटीच्या पाठीवर हात ठेवला. "काळजाला हात घातलास गं! आईंना वाचून दाखवलंस ना?"

छोटीचे कान लाल झाले. "हो मॅडम. आवडलं तिला."

आणि त्याच वेळी दारातून आई आली. नवे कपडे घालून, मावशीला सोबत घेऊन, काखेत माझी निळी उशी. घरीच राहिली होती ना ती! लोकांना टोचू नये म्हणून आई ती पोचवायला आली होती.

मावशीने पाटी मोठ्याने वाचली. माणसे वळून बघू लागली. "याच का त्या?" एका मुलीने येऊन आईचे दोन्ही हात धरले. "काकू, तुमच्याबद्दल वाचून फार वाईट वाटलं हो." आईने हात सोडवून घेतले आणि उशी छातीशी घट्ट धरली.

"तुम्ही हे लिहायला परवानगी दिलीत, मोठं मन आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या.

आईने लेकीकडे पाहिले. लेकीने मान खाली घातली.

"हो," आई म्हणाली, "दिली होती."

उभ्या उभ्या तिने लेकीला तिथेही सांभाळून घेतले. छोटी पार शरमून गेली. मित्रांनो, मला तर त्या चौथऱ्यावर नको नको झाले होते.

प्रदर्शन संपल्यावर मला घरी आणले. पण दुपारी आई माझ्याकडे फिरकली नाही. ओट्याशी उभ्यानेच जेवली. दुसऱ्या दिवशीही तसेच. रेडिओ मुका. कपड्यांचा ढीग माझ्यावर चढत गेला. पाटीवरचे वाक्य आता कुठे खरे झाले होते.

छोटीला राहवेना. तिने मॅडमना खरे काय ते सांगितले. प्रदर्शनात तिला मिळालेला पहिला नंबर गेला तो गेलाच, वर "आता आईंसमोर उभी राहा," एवढेच त्या म्हणाल्या. ती तशीच भरदुपारी घरी आली. आई ओट्याशी ताट घेऊन उभी होती.

"आई, बसून जेव ना."

"कशी बसू? सगळ्या जगाला सांगून आलीस ना, मी बसत नाही म्हणून." आईने ताट ओट्यावर ठेवले. "रोज बसायचे गं मी. दुपारी, पाय वर करून. विचारलं असतंस तर सांगितलं असतं. रात्री मी उभी असते, तेही खरंच आहे. लिहायचं होतंस ना? पण मला कळू देऊन लिहायचं. त्या पोरीने माझे हात धरले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

छोटी रडू लागली. मग नाक पुसून तिने माझ्यावरचे कपडे उचलले, मला खिडकीशी ओढले, उशी शोधून आणली. आईचे निवलेले ताट घेऊन ते गरम करून आणले. "मी दुसरी पाटी लिहिते, आई. काय लिहू सांग."

"काही लिहू नकोस," आई म्हणाली.

किती तरी दिवसांनी ती माझ्यावर बसली. तिचे ते ओळखीचे वजन अंगावर आले आणि माझा लंगडा पाय सुखाने कुरकुरला. छोटी समोरची खुर्ची ओढून बसणार, तेवढ्यात आईने त्याच खुर्चीवर पाय टाकले.

"आता तू आत जा," ती रेडिओकडे हात नेत म्हणाली. "ही वेळ माझी आहे."

छोटी आत गेली. दारही तिने हळूच लोटून घेतले.

मित्रांनो, आमच्यावर ओल्या छत्र्या टाकू नका, पाय डुगडुगला तर वेळीच खिळा ठोका. आणि खुर्ची रिकामी दिसली म्हणून तिच्यावर पाटी लावण्याची घाई करू नका. घरातल्या बाईला आधी विचारा. ती सांगेल, नाही तर नाही सांगणार.