माकुलाची शाई

गोमाजीच्या पायाचा अंगठा असा सुजला की चादर लागली तरी तो कळवळायचा. नौपाड्यातल्या डॉक्टरने युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून सुजेची गोळी दिली आणि बजावलं, पोटभर जेवूनच घ्या, सोबत दुखण्याची दुसरी कुठलीही गोळी नको.

शेवंतीला ते पटलंच नाही. "मिसरूड फुटलं नाही अजून, आणि मला शिकवतो!" तीस वर्षं बाजारात मासळी विकून गुडघे गेले होते, त्यासाठी ती एक लाल गोळी घ्यायची. डॉक्टरच्या गोळीच्या जोडीला तीच तिने रोज सकाळी कोऱ्या चहाबरोबर नवऱ्याला सुरू केली. गुपचूप. सून प्राप्तीला कळलं असतं तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं.

पाचव्या दिवशी गोमाजी अंगणात चालला. शेवंती वस्तीभर मिरवली.

आठव्या दिवशी तो संडासातून भिंत धरत आला. "अगं, डांबरासारखं काळं होतंय. कालपासून."

"परवा माकुलाचं कालवण वाडगाभर ओरपलंत ना? त्या मासळीच्या पोटातली काळी शाईच ती. कोळ्याच्या पोटी येऊन माकुलाला काय घाबरताय!"

तो हसला. हसता हसताच खाली बसला आणि आडवा झाला.

इस्पितळात पोचेस्तोवर त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. शेवंतीने शाईचं सांगितलं, तशी डॉक्टरीणबाई थबकली.

"शाई नाही आजी, रक्त आहे ते. पोटात जखम होऊन आत रक्त वाहतंय. आणखी कुठली गोळी चालू होती?"

"नाही मॅडम, डॉक्टरांनी दिलेली सुजेची एकच," प्राप्ती म्हणाली.

शेवंतीच्या डोळ्यांपुढे ती लाल गोळी आली. रक्त? आणि आपण हसण्यावारी नेलं? गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. खाटेवर गोमाजीचे डोळे मिटत चालले होते.

"मी दिली," ती म्हणाली. "माझी, गुडघ्याची. रोज, उपाशीपोटी."

प्राप्ती गर्रकन सासूकडे वळली. "आई!"

"दोन्ही एकाच जातीच्या असतील," डॉक्टरीण रक्ताची बाटली मागवत म्हणाली. "किडनीही तपासायला हवी. नाव काय गोळीचं?"

शेवंतीने सुनेचा हात धरला. जन्मात कधी धरला नव्हता.

"घरी पळ गं. फडताळातलं पाकीट आण. मला वाचता येत नाही."