सवाल फुकट, जवाब विकत

माणूस माणसाची इज्जत काढतो, ते मी खूप पाहिलंय. पण कॉम्प्युटरच्या पानावर कोपऱ्यात बसलेल्या एवढ्याशा डबड्यानं माझ्या आत्याची इज्जत काढली, आणि तीही तिच्याच आवाजात! आईशप्पथ, अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

माझी आत्या म्हणजे गंगू. आईबाप गेल्यावर तिनंच मला वाढवलं, आणि आता ती आमच्याकडेच असते, उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये. तरुणपणी तिची स्वतःची गायनपार्टी होती. जयंतीला, धम्मपरिषदेला, कुठं मुकाबला असला की गंगूची पार्टी हवीच. मुकाबला म्हणजे दोन पार्ट्या समोरासमोर. त्यात आत्याची रीत अशी, की आधी समोरच्याचं वाईटसाईट म्हणणं त्याच्याच तोऱ्यात गाऊन दाखवायचं. तो सवाल. मग ढोलकीवर एक तुकडा पडायचा, आत्या हात वर करून ओरडायची, "थांब!" आणि मग जवाब. समोरचा गार. मी मागं कोरसला उभी असायचे, पण माझा सूर असा दिव्य, की आत्या म्हणायची, "माये, तू नुसते ओठ हलव गं."

मग तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक आणि त्यावर पांढरं फडकं. त्यानंतर घरात तिचं गाणं लावायचं नाही, असं तिनं हातवारे करून बजावलं. लावायला तरी काय उरलं होतं? दोन हजार पाचच्या पुरात वालधुनीचं पाणी घरात शिरलं आणि आत्याच्या कॅसेटींचा चिखल झाला.

त्यानंतर दोनेक वर्षांनी बदलापूरला मांजर्लीत आमच्या बायकांनी विहाराला लागून मुलींसाठी अभ्यासिका बांधली. त्यांच्या मंडळाची अध्यक्ष नीलिमा. तिनं लहानपणी आत्याला ऐकलेलं. ती म्हणाली, नाव द्यायचं तर 'गंगूताई अभ्यासिका'. हे कळलं तेव्हा आत्या भिंतीकडं तोंड करून रडली. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती. पोरींच्या खोलीवर आपलं नाव, याच्याहून मोठं तिला काही नको होतं.

पण विहाराच्या कमिटीत महेंद्र म्हणून एक साहेब होते, बँकेत नोकरीला. त्यांना हे पटत नव्हतं. "गाणाऱ्या बाईचं नाव कशाला? एखाद्या शिकलेल्या बाईचं द्या ना." नव्या बिल्डिंगांमधल्या लोकांनी आत्याला ऐकलंच नव्हतं, त्यामुळं तेही माना डोलवायला लागले. शेवटी नीलिमानं तोड काढली. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांना गंगूताईंचं काम दाखवू, मग पाटीवरचा पडदा काढू.

माझी पोरगी प्रीती कॅम्पातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. ती म्हणाली, "मम्मी, मी आजीची वेबसाइट बनवते." फोटो टाकले, माहिती टाकली. गाणं कुठून आणायचं? तर शोधता शोधता तिला सापडलं! 'सूरबाजार' नावाचं इंटरनेटवरचं गाण्यांचं दुकान होतं. कॅसेटवाल्या कंपनीनं जुना माल त्यांना देऊन टाकलेला, त्यात आत्याचा एक मुकाबला शाबूत होता. विकत घ्यायला क्रेडिट कार्ड पाहिजे. आमच्या घरात ते कुणी बघितलं होतं? पण त्या दुकानाचा एक वाजवायचा डबा होता, विजेट म्हणतात त्याला. तो आपल्या वेबसाइटवर फुकट चिकटवायचा, की पान उघडल्याबरोबर गाणं चालू. प्रीतीनं चिकटवला. डब्यावर आत्याचं नाव मुंगीएवढं, आणि 'सूरबाजार' लालभडक, हे एवढं! मी म्हटलं, "वेबसाइट तुझ्या आजीची आहे का यांची?" तर म्हणते, "चलता है मम्मी, फुकट आहे ना."

आता ऐका. क्लासच्या कॉम्प्युटरांना स्पीकर नव्हते, पोरं हिंदी गाणी लावत बसतात म्हणून मालकानं काढून ठेवलेले. आणि घरच्या कॉम्प्युटरवर लावायचं तर आत्याची बंदी. त्यामुळं प्रीतीनं डब्यावरची पट्टी पुढं सरकताना पाहिली, आणि झालं, गाणं वाजतंय!

उद्घाटनाला विहाराचा हॉल खचाखच भरला. चामटोलीहून रखमाबाई आली होती, आत्याची जुनी ऐकणारी, काठी टेकत. आत्या स्टेजवर पांढऱ्या साडीत, गळ्याचं फडकंसुद्धा नवं. महेंद्र साहेबांनी ऑफिसातून प्रोजेक्टर आणलेला. प्रीतीनं पान उघडलं. आत्याचा तरुणपणीचा फोटो भिंतभर झाला आणि ढोलकी सुरू झाली.

मी आत्याकडं पाहिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच ती स्वतःचा आवाज ऐकत होती. तिचा हात गळ्याशी गेला.

*बाईची अक्कल चुलीच्या पाठी,*
*तिच्या हाती कशाला पाटी?*
*पोर परक्याची, धन परक्याचं,*
*शिकवतोस तू कुणासाठी?*

काय तो आवाज! मी श्वास धरून बसले, आता ती 'थांब' म्हणणार. आणि खट्‌कन गाणं तुटलं. एक गोड गळ्याची बाई बोलायला लागली, "पूर्ण गाणं ऐकण्यासाठी सूरबाजारमधून आजच विकत घ्या!"

मला काही कळेचना. पहिल्या रांगेत अभ्यासिकेच्या पोरी बसल्या होत्या, नव्या वह्या मांडीवर घेऊन. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आणि तो मेला डबा परत सुरू झाला. *बाईची अक्कल चुलीच्या पाठी...*

"बंद करा ते!" मागून कुणीतरी ओरडलं. प्रीतीचा चेहरा पांढराफटक. ती माउस दाबतेय, पण पानच अडकलेलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकान नमुन्याला तीसच सेकंदं देतं. तीस सेकंदांत सवाल बसतो. जवाब विकत!

महेंद्र साहेब उभे राहिले. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. हळूच नीलिमाला म्हणाले, "मॅडम, हे नाव मुलींच्या खोलीवर लावायचंय?"

नीलिमा गोंधळून गेली. तिला तरी आठवावं ना, पण लहानपणचं ऐकलेलं कितीसं आठवणार? ती आत्याजवळ गेली. "गंगूताई, हा आवाज तुमचाच आहे?"

आत्या काय करणार? आवाज तिचाच होता. तिनं मान हलवली. हो.

हॉलभर "अरे देवा" उठला. ज्या बाईनं जन्मभर जवाब दिले तिला आज एक शब्द बोलता येईना. तोंड उघडत होतं, मिटत होतं. फडक्याखालून नुसती हवा येत होती. दोन बायका उठून चालायला लागल्या. महेंद्र साहेब म्हणाले, "पडदा राहू दे. नावाचं नंतर बघू."

आणि आत्यानं टेबलावर थाप मारली.

आधी वाटलं, रागानं मारली. मग दुसरी पडली, तिसरी पडली. अगं बाई, हा तर तुकडा! सवाल संपल्यावर ढोलकीवर पडणारा तोच. तिनं हात वर केला आणि सरळ माझ्याकडं बघितलं. आमच्या पार्टीत त्याचा अर्थ एकच, कोरस, उभी राहा.

जन्मभर ओठ हलवलेली बाई मी. पण त्या महेंद्रचं तोंड बघून माझं टाळकं असं सरकलं, की मी खुर्चीवर चढले आणि बोंबलले, "थांब!"

चालणाऱ्या बायका थांबल्या. साहेबही थांबले.

*त्याच राखेनं घासली पाटी,*
*लिहिलं नाव मी माझ्यासाठी,*
*शिकली पोर ही भीमरायाची,*
*आता चाल तू माझ्या पाठी!*

सूर कुठल्या कुठं गेला होता. पण शब्द एकही चुकला नाही. शेवटच्या ओळीला मागून फाटका आवाज आला. रखमाबाई! काठी आपटत ती माझ्याबरोबर गात होती. तेवढ्यात त्या डब्यानं परत सवाल टाकला. प्रीती वायरच उपटायला धावली, तर आत्यानं तिचा हात धरला. वाजू दे. सवाल संपला, थाप पडली, आणि या खेपेला पहिल्या रांगेतल्या पोरींनी मला "थांब" म्हणूच दिलं नाही. त्याच ओरडल्या.

पडदा निघाला. महेंद्र साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून की कसं ते त्यांनाच ठाऊक. आत्यानं पाटीवरच्या आपल्या नावावरून बोट फिरवलं, वाचता येत नव्हतं तरी.

त्यानंतर घरातली बंदी उठली. प्रीतीनं डबा काढून टाकायचं म्हटलं तर आत्या तिच्यावर हात उगारायची. रोज सकाळी कॉम्प्युटरपुढं बसून स्वतःचा सवाल ऐकायची, टेबलावर थाप मारायची, आणि मी चुलीपाठून जवाब द्यायचे. शेजारची सिंधी बाई म्हणायची, "माया, सुबह सुबह क्या झगड़ा है?"

दिवाळीनंतर एका सकाळी थाप पडलीच नाही. मी बाहेर आले. डबा राखाडी पडला होता. ते दुकानच बंद झालं होतं, म्हणे. प्रीतीनं कंपनीला फोन लावले, मेल टाकले. कंपनीकडं मूळ टेप नव्हती. जे होतं ते त्या दुकानात होतं, आणि दुकान नव्हतं. विकत घेऊ म्हटलं तरी आता कुणी विकायला नव्हतं. माझी आत्या समोर जिवंत बसलेली, आणि तिचा आवाज जगात कुठंच उरला नाही. हे मला आजही पचत नाही.

आत्या त्या राखाडी चौकोनाकडं बघत राहिली. मग तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं आणि टेबलावर ठेका धरला. तुकडा नव्हता तो. सवालाचा ठेका.

"मी? आत्या, सवाल तुझा आहे," मी म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मी रडत रडत चार ओळी म्हटल्या. थाप पडली. आत्याचा हात वर गेला, पण नजर माझ्याकडं नव्हती.

"थांब!" प्रीती म्हणाली. आणि जवाब द्यायला लागली, माझ्याहून बेसूर. दुसऱ्याच ओळीला आत्यानं तिच्या पाठीत चापट मारली आणि बोटानं दाखवलं, पहिल्यापासून म्हण.